आधी बॅट

सातवी इनिंग, शेवटची.
शाळेच्या सामन्यात नऊ नसतात,
सातातच आटपायचं सगळं.
तीन-तीन. दोघे बाद. तिन्ही बेस भरलेले.
जुलैतली आयोवाची संध्याकाळ, डोळ्यांत जाणारी चिलटं,
कुंपणापलीकडे माणसाहून उंच मका.

मी कॅचरच्या मागे वाकलेला.
बासष्टाव्या वर्षी गुडघे आधी बोलतात, मग मी.
दिवसा टपाल वाटतो, संध्याकाळी निर्णय.
दोन्हीकडे एकच धास्ती,
पत्ता चुकायला नको.

चेंडू आत आला, थेट अंगावर.
ठक्.
आणि त्यातच मिसळलेलं काहीतरी मऊ.
पोराने हात झटकला.
मी दोन्ही हात वर केले : डेड बॉल, पहिल्या बेसवर जा.
म्हणजे तिसऱ्यावरचा घरी.
म्हणजे चौथी धाव. म्हणजे संपलं.
बाकावरची पोरं धरण फुटावं तशी मैदानात,
कोच हॅगेडॉर्नच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याचं अख्खं पिंप.

पाहुण्यांतली एक बाई ओरडली,
"हात बॅटचाच भाग असतो!"
नसतो हो बाई.
तीस वर्षं सांगतोय,
हात हा हाताचाच भाग असतो.

एल्डन क्रुपिच्का मात्र जागेवरच.
डावखुरा, काटकुळा, वेल्डरचा मुलगा.
"सर," हेल्मेटच्या आतल्या आत म्हणाला, "आधी बॅट."
काय?
"आधी बॅटच्या बुडाला लागला. मग बोटाला."

नियम स्वच्छ आहे.
आधी बोट, तर बेस. आधी बॅट, तर फाउल.
पण हे आधी-नंतर मोजायला
पुस्तकाने कुणाला नेमलेलं नाही.
मी चेंडू मागवला. त्यावर काळा ओरखडा,
बॅटच्या रबराचा.
ओरखडा लागलं एवढंच सांगतो,
कधी ते सांगत नाही.
पलीकडच्या अंपायरला विचारलं.
ड्वेन म्हणाला, "मी लांब होतो. तू पाहिलंस ना?"
खरं तर मी पाहिलं नव्हतं.
ऐकलं होतं.

"फाउल."

भिजलेली पोरं एकेक करून परत फिरली,
गवतात फेकलेल्या टोप्या शोधत.
कोच आला, हनुवटीवरून पाणी गळतंय,
माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला,
आणि माझ्याकडे बघितलंच नाही.
पोराला म्हणाला,
"मग नीट उभा राहा."
वर बाकावर बापाने टोपी काढली, पुन्हा घातली.
त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही.

पुढचा चेंडू पिचरने दया न दाखवता टाकला,
जेवढा जोर होता तेवढ्या जोराने, मधोमध.
मला ते आवडलं, सांगायला हरकत नाही.
एल्डनने बॅट फिरवली. उशीर झाला.
तिसरा स्ट्राईक.
आठव्या इनिंगमध्ये पाहुण्यांनी एक धाव काढली,
आणि तेवढी पुरली.

मग दोन रांगा, हाताला हात, "छान खेळलात, छान खेळलात."
एल्डनने डावा हात पुढे केला.
सगळ्यांनी उजवाच दिला, बोटं बोटांत अडकली.
एकट्या पिचरने क्षणभर पाहिलं
आणि स्वतःचा हात बदलला.

मंगळवारी त्यांच्या दारात पार्सल द्यायला गेलो.
उजव्या करंगळीला पट्टी, शेजारचं बोट वांग्याच्या रंगाचं.
"मोडलंय?"
"दोन ठिकाणी."
तसल्या हाताने तो चेंडू खेळला होता.
सही डाव्याने केली, वळणदार.
ओठांवर आलेला प्रश्न मी गिळला.
दारात उभं राहून
कुणाला दोनदा खरं बोलायला लावू नये.

पण अजून काही रात्री तो आवाज येतो,
ठक्, मग मऊ.
कधीकधी मऊ आधी.
मी अंथरुणात उठून बसतो.
"फाउल," म्हणतो, मोठ्याने,
बायको कूस बदलते,
आणि मी निर्णय बदलत नाही.