दहावी खुर्ची

माणसं नऊ होती आणि खुर्च्या दहा.
अग्निशामक दलाचा हॉल, जानेवारी,
बाहेर मोरावित्सा नदी काठाकाठाने गोठलेली.
अर्धवर्तुळाच्या मधोमध, लोखंडी चुलीकडे पाठ करून
एक खुर्ची रिकामी.
“ती हलवायची नाही,” ओब्रेन म्हणाला
आणि ट्रम्पेटमधली थुंकी फरशीवर झटकली.

चाळीस दिवस त्यांनी वाद्यांना हात लावला नव्हता.
आज एक्केचाळिसावा.
तियोसावचा बँड, तियोसावशिवाय.
एवढंच मला सांगितलं, आणि राकियाचा इवलासा ग्लास
माझ्या केबलच्या वेटोळ्यात ठेवून दिला.

मी माइक दोनच आणले होते.
दोन माइक कसे उभे करायचे
यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.
बेलग्रेडमध्येही हे कुणाला खरं वाटत नाही.

आधी लांब लांब उभे केले, मध्ये चार पावलं.
हॉल एकदम ऐसपैस झाला. ढोल पार डावीकडे,
ग्वोझ्देनचं हेलिकॉन उजव्या खिडकीशी घुमणारं,
आणि मध्ये भोक.
पुस्तकं त्याला दोष म्हणतात.
हेडफोन लावूनच मी मान वर केली,
भोक बरोबर त्या खुर्चीएवढं होतं.

झालं, म्हटलं. आता कशाला हात लावायचा नाही.
मग उगाच विचारलं, हे ऐकणार कोण?
“स्तामेना,” दोब्रिलो ढोलाची दोरी आवळत म्हणाला.
“त्याची बायको. खिडकीत रेडिओ आहे तिच्या,
भाच्याने त्याला वायर जोडून दिलीय.
स्पीकर एकच. तोही फाटका.”

एका स्पीकरला डावं-उजवं नसतं.
दोन्ही माइक एकाच दारातून आत घुसतात,
आणि त्यातला एक जरासा उशिरा पोचला
तर उंबऱ्यातच जुंपते,
हा वर उचलतो, तो खाली ओढतो,
काही सूर जागच्या जागी जातात.
मी मोनोचं बटण दाबून पाहिलं.
ढोलाचं पार ताक झालेलं.

मग जवळ आणले. दोन कानांमध्ये असतं तेवढं अंतर.
बरं होतं, पण बरंच.
शेवटी एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचं डोकं,
काटकोनात: एक ढोलाकडे बघणारा, एक हेलिकॉनकडे,
ऐकणारे मात्र एकाच क्षणी.
हॉल आकसला. भोक बुजलं.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
स्टँडचा तिसरा पाय कुठे मावेना,
तो त्या खुर्चीखाली सरकवला. खुर्ची हलली नाही.

त्यांनी संथ चाल धरली.
तियोसाव जिथे उठून उभा राहायचा
तिथे सगळे थांबले. आठ मात्रा.
मीटरचा काटा शून्यावर काही गेला नाही.
चुलीत लाकूड फुसफुसलं, कुणीतरी नाक ओढलं,
ओब्रेनचा बूट मोजत राहिला.
मग सगळे एकदम. ग्वोझ्देन अर्धी मात्रा आधीच.
“पुन्हा घ्यायचं?”
“नको,” ओब्रेन म्हणाला, “तो रोज आधीच येतो.”

स्तामेनाने मला चमचाभर प्लमचा मुरंबा दिला,
वर पाणी. कोट काढायचं सुचवलं नाही.
रेडिओपाशी ती उभीच राहिली.
आठ मात्रा आल्या तेव्हा वाकली,
फाटक्या बाजूला कान नेला.
“लाकूड ओलं होतं,” म्हणाली.
“तो असता तर चुलीत घालू दिलं नसतं.”

पुढचं वाजत होतं, सगळे पितळी आवाज
एकमेकांच्या अंगावर पडत.
ते तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.
“मघाचं लाव,” म्हणाली.
मी चाल सुरुवातीपासून लावायला घेतली.
“ती नको. लाकडाचं.”