चौदा इंच बाय चौदा

जीपमागे ओढायच्या आमच्या पत्र्याच्या खोलीला
भोक पाडायचं तर हात धजेना.
खडूने आखलं, दोनदा मोजलं.
डॉमनिक म्हणाला, अजून एकदा मोज,
पत्रा परत उगवत नाही.

कन्नमवार नगर, मे महिना, सकाळचे साडेआठ
आणि टपावर आत्ताच गुडघे भाजतायत.
ग्राइंडर किंचाळला, तशा
पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक लागल्या.

शेवटचा कोपरा सुटला,
तुकडा आत पडला गादीवर,
मंदाकिनीच्या पायाशी.
मी वाकून पाहिलं:
तिच्या मांडीवर उन्हाचा चौकोन
आणि ती वर बघत.
"घार गेली आत्ता."
मग जरा थांबून,
"राहू दे ना असंच."

एसीचं पस्तीस किलोचं धूड
दोरखंडाने वर चढवलंय,
डॉमनिकची कंबर धरलीय,
आणि ही म्हणते, राहू दे!

बसवलं. गॅस्केट दाबलं, चार बोल्ट आवळले,
कडेने सिलिकॉन बोटाने लिंपलं.
वायर मीटरच्या खोलीतून.
बटण दाबलं
तर अख्खी बी विंग बंद.
सेक्रेटरी कांबळी बनियनवरच खाली.

रात्री बारानंतर, सगळे निजल्यावर,
पुन्हा लावला, हळूच.
कुठेही न जाता झोपलो दोघं
जिन्यापासून वीस पावलांवर,
पांघरूण घेऊन.

कापलेला पत्रा तिने भंगारात देऊ दिला नाही.
कडा कानशीने घासून घेतल्या माझ्याकडून,
त्यावर आता कैरीच्या फोडी वाळत घालते.
मीठ लागून गंजेल तो, म्हटलं.
वर न बघता म्हणाली,
गंजू दे.