कूस बदलताना

सातव्या महिन्यात कळलं,
सलवार उभ्याने घालता येत नाही.
एक पाय उचलला की
जांघेच्या मधोमध, जिथे दोन हाडं
इतकी वर्षं न बोलता शेजारी राहिली,
तिथे कुणीतरी कडी काढतं.
बारीक टक् ऐकू येतं. मला एकटीलाच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधे सैल होतात,
बाळाला वाट लागते ना.
वाट लागते, हे खरं.

रावपुऱ्याच्या पोस्टात तीन नंबरच्या खिडकीशी
मी दिवसभर लोकांची पार्सलं तोलते,
खाकऱ्याचे डबे, कोर्टाचे कागद,
सिडनीला निघालेलं कुणाचं तरी लोणचं.
ग्रॅमचा हिशोब चुकत नाही माझा.
स्टुलावरून उतरताना मात्र
टेबलाची कड धरून आधी श्वास मोजते.

जिगीषाने विचारलं, केड दुखे छे?
म्हटलं, केड नाही गं, तिच्या खाली.
मागे दोन खळ्या असतात ना, तिथून निघतं,
खुब्याला वळसा घालून पुढे येतं,
मग मांडीच्या आतून उतरतं.
ती म्हणाली, एटले केड ज ने!
दोन्ही भाषांत बरगड्यांच्या खाली
आणि गुडघ्यांच्या वर
एकच मोठा जिल्हा, त्याचं नाव कंबर.
आतले पिनकोड वेगवेगळे आहेत
हे फक्त माझ्याकडे नोंदलेलं.

फाल्गुनीबेननी रुंद पट्टा दिलाय, पोटाखालून बांधायचा.
आईचा देवासहून फोन, काय करतेयस?
कंबर कसतेय, म्हटलं.
ती हसली. मग जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, तुझ्या वेळी मी जिना बसून उतरायचे.
एकेक पायरी, ढुंगणावर.
दुपारी, सगळे झोपल्यावर.
बत्तीस वर्षं हे वाक्य
कुठल्या पेटीत पडून होतं कोण जाणे.

सलीमभाईंची रिक्षा आता स्पीडब्रेकर आधीच सांगते.
चोथो आव्यो, बेन, पकडजो.
मी दांडी धरते. ते चाकं तिरकी घालतात,
आधी एक, मग दुसरं,
जणू मागे काचेचं कपाट बांधलंय.
मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न मारला
तर मान बाहेर काढून त्याला सुनावतात.

आणि रात्री.
आसोतली सातवी रात्र, मैदानावरून ढोल येतोय.
गेल्या वर्षी मी शेवटच्या फेरीपर्यंत त्यात होते,
चप्पल कुठे काढली ते आठवेना, अनवाणी घरी आले होते.
आज मला फक्त डावीकडून उजवीकडे जायचंय.

विश्वामित्रीच्या पुलावरून मगर पाहिली होती एकदा.
चिखलात पडल्या पडल्या वळायला
तिने अख्खी दुपार घेतली.
तेव्हा लोकांबरोबर मीही हसले होते.

आमच्या भाषेत कूस म्हणजे बाजू
आणि कूस म्हणजे तू राहतोस किंवा राहतेस ती जागा.
एक बदलायची तर दुसरीला विचारावं लागतं.

ढोलावर तीन टाळ्यांचा गरबा लागलाय. बरा आहे.
पहिली टाळी: गुडघे घट्ट जुळव.
दुसरी: पोटाखाली हात घाल.
तिसरीला खांदे, पोट, पाय, सगळं एकदम,
ओंडका लोटल्यासारखं,
आणि मध्येच ती कडी, टक्,
डोळ्यांपुढे पांढरं, उशीचा कोपरा दातांत.

उदयनला अर्धवट जाग येते. झाली?
अर्धी.
तो डोळे न उघडता हात लांबवतो,
घसरलेली उशी माझ्या गुडघ्यांमध्ये सरकवतो,
आणि तो हात तिथेच विसरून झोपतो.

बारा वाजले असावेत, ढोल थांबला.
लोक चपला शोधतायत, गाड्या सुरू होतायत.
उरलेली अर्धी
मी बिनढोलाची घेते.