अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर

गुबरागँड्राच्या पाण्यात पाय घातला
की आधी पोटऱ्यांना कळतं, मग आपल्याला.
डिसेंबर. टेकड्यांवरचं गवत वाळून कडकडीत,
आणि नदी अशी गार,
जणू डोंगराने उन्हाबद्दल काही ऐकलेलंच नाही.

गार्थ पुढे. माझा थोरला भाऊ.
पाण्यात तो बोलत नाही, बोलू देत नाही.
टोपीला टोचलेल्या त्याच्या माशा:
पिसाच्या, रेशमाच्या,
एक आमच्या मेलेल्या कुत्रीच्या केसांची.
माशी द्यावी, मासा घ्यावा,
एवढाच त्याला धर्म ठाऊक.
हल्ली गाठ मारताना हात कापतात त्याचे.
तिसऱ्यांदा दोरा निसटला
तेव्हा मी पलीकडचा खडक बघत होते,
फार वेळ, फार लक्ष देऊन.

दुपारपर्यंत दोन ट्राउट.
अंगावर तांबड्या टिकल्या, भोवती फिकट कडी,
इतके देखणे
की टोपलीत ठेवताना आपण कुणाचं तरी लुटतोय असं वाटावं.

लायल काठावर चहा उकळतो.
त्याची आजी याच खोऱ्यातली, तिची आजीही,
त्यामागे मोजायला बोटं पुरत नाहीत.
"तुझा हा मासा बोटीतून आला," तो म्हणतो,
"अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फात घालून.
तुमच्याच मागोमाग."
गार्थ म्हणतो, "दीडशे वर्षं झाली त्याला."
"हो ना," लायल कपात फुंकर घालतो, "कालच."
मग दोन्ही ट्राउट लोण्यात परतून
जास्तीत जास्त तोच खातो.
पाहुणा चविष्ट आहे, म्हणतो, तक्रार नाही.

कॉडसाठी खाली धरणावर जावं लागतं.
बुडालेल्या कुरणांत झाडं अजून उभी,
पांढरी, सालं गेलेली,
कुणी 'बसा' म्हणायचं विसरलेली.
कॉड बोलावून येत नाही.
त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसायचं,
अंधारात, डास मारत,
उंदराएवढं लाकडी आमिष फेकत आणि ओढत.
तीन रात्री काही नाही.
गार्थ पुटपुटला, "चिखलातला म्हातारा. याच्यासाठी झोप घालवायची?"
पण चौथ्या रात्री रीळ त्यानेच मागून घेतलं.

आवाज आला तो असा,
जणू तळ्यावर कुणी बादली पालथी आपटली.
काठी वाकली, होडी फिरली,
माझ्या तोंडून एक शिवी गेली जी आईला आवडली नसती.
किती वेळ गेला, माहीत नाही.
मग टॉर्चच्या उजेडात तो:
हिरव्यावर हिरवी नक्षी,
दगडावर पडलेल्या सावल्यांसारखी,
आणि छोटे डोळे, आमच्यात अजिबात रस नसलेले.

ओल्या चटईवर मोजला.
पंचाहत्तरच्या वरचा परत सोडायचा, कायदा आहे.
अठ्ठ्याहत्तर.
मी पुन्हा मोजला. अठ्ठ्याहत्तर.
लायल हसला. "तीन सेंटिमीटरने वाचला.
माझे काही नातेवाईक याहून कमी फरकाने वाचलेत."
यावर हसायचं की नाही
आम्हाला कळलं नाही. तोही थांबला नाही.

गार्थ गुडघ्यांवर वाकला,
दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात,
पोटाखाली तळवा, शेपटीशी दुसरा.
कल्ले उघडत, मिटत.
हात कापत होते की नव्हते,
पाणी काळं होतं, मला दिसलं नाही.
बराच वेळ तो तसाच.
मासा कधी निघून गेला
ते त्याचे रिकामे हात बघून कळलं.

रात्री जेवायला डब्यातले बीन्स.
गार्थने वही काढली:
तारीख, वारा, चंद्र, लांबी.
मग न बघता लायलला विचारलं,
"तुमच्यात काय म्हणतात त्याला?"
लायलने सांगितलं. एकदाच, हळू.
गार्थने लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
स्पेलिंग विचारलं नाही.