समुद्राचा दाब

उलानबातर. सकाळचे साडेसहा, बाहेर उणे एकतीस.
तळघरात किरणांचं यंत्र जागं होतंय
आणि भिंतीवरचा वायुभारमापक
रात्रीतून मेलाय. काटा आडवा.

रुग्णांच्या आधी रोज पाण्याची पाळी असते:
चौकोनी टाकी, तिच्या पोटात बोटाएवढी कुपी,
कुपीत चिमूटभर हवा. किरण तिच्यातून जातात
आणि ती किती बिथरली ते आम्ही मोजतो.
पण हवा लबाड. थंडीत दाटते, उंचावर विरते.
रोज विचारावं लागतं, आज तुझं वजन काय?

मी विमानतळाला फोन लावला. झोपाळू आवाज:
एक हजार चाळीस.
लिहिलं, गुणलं, भागलं.
यंत्र कमी देतंय असं निघालं. बरंच कमी.
तेवीस वर्षं हेच करतोय; हात आपसूक
मात्रा वाढवायला गेला.

दुसऱ्या सहीची चौकट रिकामी होती.
सारूल, सहा महिन्यांची नोकरी, टोपीवर अजून बर्फ,
वही धरून उभी. सही करेना.
"सर, हा दाब आपला की समुद्राचा?"

समुद्र.
आम्हा दोघांपैकी कुणी तो पाहिलेला नाही.
विमानांना सगळी गावं समुद्रकाठी लागतात,
म्हणून ते डोंगर पुसून आकडा सांगतात.
आमची खरी हवा आठशे पंचाहत्तर.

मी खाली बसलो.
जवळजवळ पाचवा हिस्सा जास्त,
त्सेंदसुरेन ग्वाईंच्या गळ्यावर, आजपासून रोज.
कुठली घंटा वाजली नसती.
तीन आठवड्यांनी त्यांना पाणी गिळवलं नसतं
आणि आम्ही म्हणालो असतो,
होतं असं, काहींना होतं.

विद्यापीठातून दुसरा मापक आला, टॅक्सीतून,
कुणाच्या तरी मफलरमध्ये गुंडाळून.
यंत्र ठीक होतं. पहिल्यापासून ठीक होतं.

घटनांच्या वहीत 'चूक कोणाची' हा रकाना नाही,
'कशी घडली' एवढाच आहे.
तरी मी माझं नाव लिहिलं.
"गरज नाही," सारूल म्हणाली.
राहू दे म्हटलं.

पन्नास मिनिटं उशीर. ग्वाई नमद्याचे बूट काढताना
माझ्याकडे बघेनात. सांगितलं,
हवा तोलायचं यंत्र बिघडलं होतं.
"मग मला विचारायचं," फाटक्या आवाजात त्या म्हणाल्या,
"माझे गुडघे कशाला आहेत?"

सारूलनं त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवला,
कडेनं बोट फिरवलं.
दारापर्यंत गेली, परत आली,
पुन्हा एकदा फिरवलं.