प्रश्न नववा

एका फॉर्ममागे बावीस रुपये.
भांडुप पूर्व, कांजूर, खाडीकडची बाजू, दोनशे घरं.
आधीचे आठ प्रश्न पाण्याचे, कचऱ्याचे, डासांचे.
मग नववा :
रानपक्ष्यांची शिकार होऊ द्यावी का?
हो. नाही. सांगता येत नाही.

सगळे नाहीच म्हणतात.
दाराची साखळी न काढता, फटीतून म्हणतात.
अकराव्या मजल्यावरचे सबनीस म्हणाले,
जन्मठेप द्या असल्यांना,
आणि मला आत बोलावून पाणी दिलं.
त्यांच्या बाल्कनीच्या जाळीत एक कबुतर
पंख पसरून वाळलं होतं.
सोसायटीला कळवलंय, म्हणाले.
कबुतर रानातलं की घरातलं,
फॉर्मात तशी टीप नव्हती.

कोंबडीच्या दुकानातला इलियास सुरी पुसत म्हणाला,
उडणाऱ्याला कशाला मारायचं हो, पाप लागतं.
आणि पिंजऱ्यात हात घातला.
मी नाहीवर खूण केली. अर्धा किलो घेतलं.

मिठागरालगतच्या चाळीत जनाबाय केणी.
तिने मलाच विचारलं,
कुनाला सांगायचंय? सरकारला?
मग लिव नाय.
तुला सांगायचं असल तं बस.

बसले.
थंडीत साहेबलोक यायचे बंदुका घेऊन, जीपमधून,
पाणलाव्यांवर बार टाकायचे.
चिखलात उतरायला त्यांच्याकडं कुत्री नव्हती,
आमची पोरं होती.
पाच आणली की एक सदऱ्याआड.
चिंचेच्या कोळात, मिरी वाटून.
चव सांगताना तिने डोळे मिटले,
उघडले तेव्हा म्हणाली,
लिवलंस ना, नाय?

त्या पोरांतला एक माझा बाप.

मांडीभर चिखल, हिवाळ्यातली सकाळ,
आणि पोटाशी लपवलेला पाणलावा
अजून गरम.
एकदा, म्हणायचे, बांधावरून घरी येताना
तो सदऱ्याच्या आत हलला.
आईला सांगितलेल्या गोष्टीत
बाबांनी तो लव्हाळ्यात सोडला.
शेवटच्या आजारात मला सांगितलेल्या गोष्टीत
बाबा नुसते उभे होते,
हात सदऱ्यावर दाबलेला,
किती दाबला हे त्यांना आठवत नव्हतं.
मी विचारलं, मग?
ते भिंतीकडे वळले.
पुढच्या बुधवारी गेले.

एकशे नव्व्याण्णव घरं झाली. एक दार कुलूपबंद.
पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीच्या बाकड्यावर
शेवटचा फॉर्म मी स्वतःच भरला.
पाणी : सकाळी दोन तास. कचरा : रोज. डास : भरपूर.
नवव्याशी चहा निवला.
खाडीच्या अंगाने काहीतरी ओरडून उठलं,
वाकडंतिकडं उडत गेलं, कांदळवनापलीकडे.
मी तिसऱ्या चौकटीत खूण केली.

संध्याकाळी ऑफिसात कुंदर सरांनी गठ्ठा चाळला.
हा एकच असा कसा?
चुकून झालं असेल, ते म्हणाले,
आणि ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला.
फुंकर मारून वाळवला.
दोनशेपैकी दोनशे.
अहवाल छान दिसेल, म्हणाले,
आणि चव्वेचाळीसशे रुपये मोजून दिले,
चहाचे वेगळे.