एक आण्याची फेरी

अवालीच्या इस्पितळात, पंचावन्न साली,
सात नंबरच्या खोलीत मिसेस पिलबीम.
रिफायनरीतल्या कुणा इंजिनियरची आई.
भिंतीतलं यंत्र थंड हवा टाकायचं
आणि ती म्हणायची, तिरोडकर, हा वारा खारा नाही.

मी कंपाउंडर. पुड्या बांधायच्या,
बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवायच्या,
दुपारी कुणी नसलं की ऐकायचं.

तिच्या गावाचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही.
तिथे लोक समुद्र नुसता बघायला जात.
आठवडाभर. खोली भाड्यानं घेऊन, ट्रंक भरून.
मला हसू यायचं.
आमच्याकडे दर्यावर माणूस जातो तो मासळीला,
नाहीतर कुणाची रक्षा सोडायला.

एकोणीसशे दोन. ती तेरा वर्षांची.
चाकांवरची लाकडी खोली, पुढे घोडा,
घोडा पोटापर्यंत पाण्यात शिरायचा
आणि आत अंधारात दोघी बहिणी
पोहायचे लोकरी कपडे चढवायच्या.
लोकरी?
"लोकरी. भिजले की शेळीएवढे जड."
समुद्रात लांबवर गेलेला लोखंडी धक्का,
त्यावर चालायला एक पेनी.
बोट लागत नाही, माल उतरत नाही,
मग धक्का कशाला, मी विचारलं.
ती जरा वेळ छताकडे बघत राहिली.
"टोकापर्यंत जायचं. आणि परत यायचं."

बँडवाल्याच्या भोंग्यात पावसाचं पाणी साचलं,
तोंडाला पीठ फासलेल्या विदूषकाला मेबल घाबरली,
बाप दुकानदार, वर्षभर साखर तोलणारा,
त्या आठवड्यात बूट काढून वाळूत बसला
आणि त्याचे पाय इतके पांढरे, की आई म्हणाली, झाका ते.
हे पायांचं तिनं मला चार वेळा सांगितलं.
चौथ्या वेळी मेबलचं नाव आठवेना.

एका शुक्रवारी डॉक्टर मनामाला गेले.
ॲम्ब्युलन्स मोकळी, ड्रायव्हर यूसुफ ओळखीचा.
वहीत लिहिलं : जुफेरहून कापूस आणणे.
आणि नेलं तिला.

ओहोटी. समुद्र मैलभर मागे सरकलेला,
चिखलात होड्या कुशीवर निजलेल्या.
म्हटलं, झालं, फुकट आणलं.
ती म्हणाली, "आमचाही असाच निघून जायचा.
भर दुपारी. न सांगता."

मग गाढव आलं.
पाण्याच्या पखाली वाहणारं तिथलं पांढरंशुभ्र गाढव,
ईद जवळ आलेली, म्हणून मानेला, पाठीला
ओली मेंदी फासलेलं.
बाई ओरडलीच.
"गाढवं होती! आमच्याकडे गाढवं होती, तिरोडकर,
आणि मी तुला गाढवांचं सांगितलंच नाही!"
वर बसण्याइतकी ती उरली नव्हती.
तिनं दोन्ही हात त्याच्या मानेत रुतवले
आणि गाढव उभं राहिलं,
गाढवं राहतात तसं.

फेरीचे पैसे दे, म्हणाली.
कुठली फेरी? पण दे म्हणाली.
पखालवाले हाजी सलमान नको नको करत होते.
आपलाच आणा तेव्हा तिथे चालायचा. मी दिला.
त्यांनी तो उलटसुलट बघितला, कनवटीला लावला,
आणि गाढवाला तिच्याभोवती
एक गोल चक्कर मारून आणलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाडी बघताना
तिचे तळवे उलटे केले. केशरी.
हे काय?
बाई गंभीर तोंडानं भिंतीकडे बघत होती.
मी म्हटलं, आयोडीन.